सही नवऱ्याची, शीर तिची : रक्त चढवण्याआधीच्या संमतीचे एक प्रकरण

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात हे घडले. रुग्ण, नातेवाईक, डॉक्टर किंवा संस्था ओळखू येईल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. घटनाक्रम आणि वैद्यकीय बाबी मात्र तशाच ठेवल्या आहेत. घटनेनंतर नेमलेल्या छोट्या चौकशी समितीत मी बाहेरचा सदस्य होतो. केसपेपर, नर्सिंग नोंदी, रक्तपेढीचे कागद आणि सगळ्यांचे म्हणणे, एवढे माझ्यासमोर होते.

पार्श्वभूमी

रुग्ण ३८ वर्षांची, घरी विड्या वळणारी. नवरा यंत्रमागावर कामाला. घरात तेलुगू. नवऱ्याचे मराठी चांगले, तिचे बाजारापुरते. चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेलेली, त्यामुळे सही तेलुगूत करते आणि तेलुगू सावकाश का होईना, वाचते. हा तपशील कोणाच्याही नोंदीत नव्हता. ॲडमिशनच्या कागदावर शिक्षणाच्या रकान्यात ‘अशिक्षित’ असे लिहिले होते, कारण काउंटरवर बोलायला नवरा उभा होता आणि तिला कोणी काही विचारले नव्हते.

वर्षभर पाळीत खूप रक्त जात होते. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या आणि गर्भाशय काढायचे ठरले. ॲडमिशन ठरवून केलेली होती, तातडीची नव्हती. दुपारी तीनला ती दाखल झाली. पाचच्या सुमारास हिमोग्लोबिनचा रिपोर्ट आला : ६.४. नाडी ९६, रक्तदाब ठीक, बसल्या जागी धाप नाही, त्या दिवशी रक्तस्रावही नाही. हिमोग्लोबिन सहा-सातवर असताना घरकाम उरकून दिवसभर सुपापुढे बसणाऱ्या बायका इथल्या स्त्रीरोग विभागाला नव्या नाहीत. त्यांना स्वतःलाही आपण आजारी आहोत असे वाटत नाही, आणि पुढे जे झाले त्यात या गोष्टीचा वाटा मोठा आहे.

त्या संध्याकाळी आणि रात्री

रिपोर्ट फोनवर कळताच स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितले, दोन पिशव्या पॅक्ड सेल (रक्तातल्या फक्त तांबड्या पेशी) मागवा, एक आज रात्री लावा. इथे एक गोष्ट स्पष्ट करतो : हा वैद्यकीय सल्ला चुकीचा नव्हता. स्थिर रुग्णात सातच्या खाली हिमोग्लोबिन असेल तर रक्त देण्याचा विचार करतात, आणि इथे तर मोठी शस्त्रक्रिया समोर होती. पण हा एकच रस्ताही नव्हता. शस्त्रक्रिया चार-सहा आठवडे पुढे ढकलायची, गोळ्यांनी रक्तस्राव थांबवायचा आणि शिरेतून लोह द्यायचे, हा दुसरा रस्ता उघडा होता. रुग्णाला निवड करण्याजोगे काही होते, म्हणूनच तिला विचारणे महत्त्वाचे होते.

आरएमओंनी (निवासी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी) मागणीपत्र लिहिले, नमुना काढला आणि दोन्ही नवऱ्याच्या हातात दिले. तो शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर रक्तपेढीत गेला. तिथे पैसे भरले, बदली रक्तदाते म्हणून कारखान्यातली दोन पोरे आणतो असे सांगितले, क्रॉसमॅच (पिशवीतले रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळते का, ही तपासणी) होईपर्यंत बाकावर बसला आणि दहाच्या सुमारास थर्माकोलच्या डब्यात पिशवी घेऊन परतला. पाच ते दहा, असे पाच तास मधे गेले. या पाच तासांत रुग्णाशी रक्ताबद्दल कोणी बोलल्याची एकही नोंद नाही. ती ज्या खाटेवर होती तिच्यापासून ड्युटीरूम हाकेच्या अंतरावर आहे.

रात्रपाळीच्या सिस्टरनी पिशवी ताब्यात घेतली. दोघींनी मिळून नाव, आयपी नंबर, रक्तगट, पिशवीचा नंबर, मुदत, सगळे जुळवले, दोघींच्या सह्या झाल्या. ताप, नाडी, बीपी लिहिले. मी पाहिलेल्या नर्सिंग नोंदींमध्ये ही नोंद उजवी म्हणावी अशी आहे.

सुई जोडताना रुग्णाने हात ओढून घेतला आणि उशाशी उभ्या असलेल्या वॉर्डातल्या आयामावशींना तेलुगूत सांगितले, मला नको, दुसऱ्याचे रक्त नको. मावशीही तेलुगूच. त्या सिस्टरना म्हणाल्या, “घाबरायलीय ती, सिस्टर.” सिस्टर मूळच्या करमाळ्याकडच्या. त्यांनी रुग्णाच्या खांद्यावर हात ठेवला. “काही होत नाही अक्का, हात सरळ ठेवा.” नवरा खाली, मेडिकलमध्ये. दहा-चाळीसला रक्त सुरू झाले.

अकरा-वीसला हुडहुडी भरली आणि ताप १०१.२ वर गेला. सिस्टरनी रक्त लगेच थांबवले, नवा सेट लावून सलाईन चालू ठेवले आणि आरएमओंना बोलावले. नाव-नंबर पुन्हा जुळवले. पिशवी, सेट, रक्ताचा ताजा नमुना आणि लघवी रक्तपेढीत पाठवली. गट जुळत होता, पेशी फुटल्याची खूण नव्हती, पुढे कल्चरही (जंतू वाढतात का, ही तपासणी) निर्जंतुक आले. रक्त घेतल्यावर थंडीताप येण्याचा हा नेहमीचा प्रकार होता आणि पहाटेपर्यंत ती बरी होती.

सकाळी मात्र तिने पाणीसुद्धा घ्यायला नकार दिला. दहा वाजता थोरले दीर आले, सोबत नगरसेवकाचा माणूस. दोघांचा एकच प्रश्न : कोणाला विचारून रक्त लावलं?

कागद काय सांगत होता

केसपेपरमध्ये संमतीच्या दोन जागा होत्या. पहिली ॲडमिशन फॉर्मच्या मागच्या पानावर : ‘औषधोपचार, तपासण्या, भूल, शस्त्रक्रिया, रक्त इत्यादी सर्व उपचारांस माझी संमती आहे.’ मराठीत छापील. खाली नवऱ्याची सही, वेळ दुपारी ३.१०. म्हणजे तिला रक्त लागेल हे कोणालाच माहीत नव्हते तेव्हाची. दुसरा होता रक्तासाठीचा वेगळा संमतीफॉर्म. त्यावर रुग्णाच्या नावाचे स्टिकर व्यवस्थित चिकटवलेले, बाकी सगळे रकाने कोरे. दिवसपाळीला वाटले रात्री सही होईल. रात्रपाळीने स्टिकर पाहिले आणि सही झालीच असणार असे धरले.

रुग्णालयाच्या वकिलांचा पहिला कल छापील ओळीवर भिस्त ठेवण्याचा होता. ती टिकणारी नव्हती. समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेला निकाल इथे जवळजवळ तंतोतंत लागू पडतो. त्या प्रकरणात रुग्ण स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन ठरल्यापेक्षा जास्त शस्त्रक्रिया केली गेली होती. न्यायालयाने म्हटले की रुग्ण सज्ञान आणि निर्णयक्षम असेल, तातडीने जीव वाचवण्याचा प्रसंग नसेल, तर संमती तिचीच लागते. ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. आमची रुग्ण तर पूर्ण शुद्धीत होती, आणि नको म्हणत होती.

नवऱ्याची सही घेतली की काम झाले, ही सवय आपल्याकडे इतकी मुरली आहे की ती कायद्यातूनच आली असे अनेक डॉक्टरांनाही वाटते. सज्ञान बाईच्या उपचाराला नवऱ्याची संमती लागते असे कायदा म्हणत नाही. नातेवाइकांना विश्वासात घेणे शहाणपणाचे असते. बिल, धावपळ, पुढची शुश्रूषा सगळे त्यांच्यावर असते. पण ती वेगळी गोष्ट.

समोर असलेले पर्याय

सकाळी साडेदहाला मेट्रनच्या (मुख्य परिचारिकेच्या) खोलीत जी बैठक झाली, त्यात तीन मार्ग निघाले.

एका कनिष्ठ डॉक्टरने सुचवले की नवरा खालीच आहे, त्याची कोऱ्या फॉर्मवर सही घ्यावी आणि रात्री दहाची वेळ टाकावी. “सहीच तेवढी राहिलीय, बाकी सगळं बरोबर आहे.” असा मोह किती ठिकाणी होतो हे या क्षेत्रातल्या कोणालाही सांगायला नको. मेट्रनबाईंनी फॉर्म उचलला, त्यावर आडवी रेघ मारून ‘रक्त देण्यापूर्वी संमती घेतलेली आढळली नाही’ असे लिहिले, चालू तारीख-वेळ घातली आणि सही केली. त्या एका कृतीने रुग्णालय वाचले असे माझे मत आहे. मागची वेळ टाकलेला कागद उघडा पडला असता, तर हलगर्जीचे प्रकरण बनवेगिरीचे झाले असते.

दुसरा मार्ग गप्प राहण्याचा. थंडीताप उतरला, नुकसान काही नाही, दिराला चहा पाजून समजूत घालावी.

तिसरा, रुग्णाशी थेट बोलायचे, झाले ते सांगायचे, आणि दुसऱ्या पिशवीचा निर्णय पहिल्यापासून, तिच्यासोबत करायचा. स्त्रीरोगतज्ज्ञ आधी नाखूश होत्या. शस्त्रक्रियेची तारीख ठरलेली, भूलतज्ज्ञ सांगून ठेवलेले. भूलतज्ज्ञांनीच मग सांगितले की घाबरलेल्या, रागावलेल्या आणि सहा हिमोग्लोबिनच्या बाईला मी उद्या भूल देणार नाही. निर्णय तिथे झाला.

काय केले

बोलायचे कोणी, हा खरा पेच होता. नवरा दुभाषा म्हणून चालणार नव्हता, कारण तो स्वतःच पक्षकार होता. मावशी मनाच्या चांगल्या, पण रात्री ‘नको’चे ‘घाबरलीय’ त्यांच्याच तोंडून झाले होते. शेवटी रुग्णालयाच्या औषध दुकानातल्या तेलुगू भाषक फार्मासिस्टताईंना बसवले. त्यांना आधी बजावले : ती म्हणेल ते तसेच सांगायचे, समजूत घालायची नाही.

पडदा ओढला, नातेवाईक बाहेर. डॉक्टर स्टूल घेऊन बसल्या. पहिला प्रश्न रक्ताचा नव्हता, रात्री काय झाले ते तुम्हीच सांगा, असा होता. तेव्हा मावशीच्या (आईच्या बहिणीच्या) बाळंतपणाची गोष्ट बाहेर आली. खूप वर्षांपूर्वी गावाकडे तिला रक्त लावले आणि ती त्याच रात्री गेली. घरात ती गोष्ट एवढ्याच क्रमाने सांगितली जाते : रक्त लावले, आणि गेली. ती रक्तस्रावाने गेली असावी, रक्त उशिरा मिळाले असावे, हे डॉक्टरांनी हळूच सांगितले. तिने ऐकले, पण मान हलवली नाही. दुसरी अडचण जास्त रोजची होती. कारखान्यातल्या दोन पोरांचे रक्त घ्यायचे म्हणजे त्यांचे उपकार, आणि मालकाची उचल आधीच डोक्यावर. रक्तदान स्वेच्छेने व्हावे आणि बदली दात्यांची प्रथा संपावी हे २००२ च्या राष्ट्रीय रक्त धोरणाचे म्हणणे आहे. तिच्यासारखीला ते कोणी सांगितलेले नसते, आणि नवऱ्याने रक्तपेढीत दिलेला शब्द तिच्या कानावर आला होता.

मग माहिती दिली. समीरा कोहली निकालाने आखून दिलेली चौकट इथे कामी आली : उपचार काय आणि कशासाठी, फायदा काय, दुसरा पर्याय काय, मुख्य धोके कोणते, न घेतल्यास काय होईल. त्याच निकालात हेही आहे की अगदी दूरचे, नाममात्र धोके सांगून रुग्णाला घाबरवण्याची गरज नाही. म्हणून डॉक्टरांनी यादी वाचली नाही. एवढेच सांगितले : एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढते, प्रत्येक पिशवी एचआयव्ही, कावीळ बी व सी, गरमी आणि मलेरियासाठी तपासलेली असते, तरी धोका अगदी शून्य नसतो, थंडीताप येऊ शकतो, काल आला तसा, चुकीच्या गटाचे रक्त जाणे हा मोठा धोका, म्हणून दोघी जणी जुळवून बघतात. लोहाच्या सलाईनला वेळ लागेल, तोवर गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि मधे रक्त जास्त गेले तर बेत बदलावा लागेल.

तिने लोह निवडले. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त लागले तर? यावर तिचे उत्तर फार्मासिस्टताईंनी शब्दशः सांगितले : जीव जायची वेळ आली तर द्या, त्याच्याआधी नको.

या प्रकरणातला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग इथे आहे. बरेच जण हे ऐकून ‘रुग्ण तयार आहे’ असे लिहून मोकळे झाले असते. भूलतज्ज्ञ अडून बसले. जीव जायची वेळ कोणती, ते कोण ठरवणार? टेबलावर मला हा वाद नको. अर्धा तास खर्चून वाक्य तयार झाले, तेलुगूत आणि मराठीत : ‘शस्त्रक्रियेत किंवा त्यानंतर रक्तस्राव इतका झाला की रक्त न दिल्यास जीवाला धोका आहे असे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ या दोघांचेही मत झाले, तर मला रक्त द्यावे. केवळ अशक्तपणा भरून काढण्यासाठी देऊ नये.’ मी बेशुद्ध असेन तेव्हा नवऱ्याला किंवा दिरांना विचारू नका, असेही तिने घालायला लावले. “ते घाबरतात आणि कशालाही हो म्हणतात.” तिने वाचून तेलुगूत सही केली. साक्षीदार म्हणून फार्मासिस्टताई आणि सिस्टर, प्रत्येकीपुढे वेळ.

नवरा आणि दीर यांना नंतर बोलावून, तिच्यासमोरच, रात्री तिला विचारले गेले नाही हे डॉक्टरांनी मान्य केले. दीर थोडा वेळ बोलत राहिले, नगरसेवकाचा माणूस घड्याळ बघून निघून गेला. थंडीतापाची नोंद रक्तपेढीमार्फत २०१२ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय हिमोव्हिजिलन्स (रक्त दिल्यावर होणाऱ्या त्रासांची नोंद ठेवणाऱ्या) कार्यक्रमाच्या फॉर्मवर पाठवली गेली. वापरलेल्या पिशवीचे पैसे बिलात लावले नाहीत आणि दुसरी पिशवी मागवली नाही.

परिणाम

रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या आणि वजनाच्या हिशेबाने दोन वेळा विभागून शिरेतून लोह. एक पाळी मध्ये आली, हलकी गेली. सहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.२. शस्त्रक्रियेच्या दिवशी दोन पिशव्या क्रॉसमॅच करून रक्तपेढीत राखून ठेवल्या, त्यामागचे कारणही तिला आदल्या दिवशी सांगितले. रक्त लागले नाही. तक्रार लेखी झालीच नाही.

ती शस्त्रक्रियेसाठी त्याच रुग्णालयात परत आली, याला मी बरे होण्यापेक्षाही जास्त किंमत देतो. पूर्व भागात एका गल्लीत काय घडले ते दुसऱ्या दिवशी पाच गल्ल्यांना कळलेले असते.

काय वेगळे करता आले असते

मोठी चूक रात्री दहाला झाली असे सगळ्यांना वाटत होते. मला ती संध्याकाळी पाचला झाली असे वाटते. पिशवी वॉर्डात आली की घड्याळ सुरू होते : अर्ध्या तासात लावायची, नाहीतर परत पाठवायची, आणि लावल्यावर चार तासांत संपवायची. अशा घाईत सिस्टरने थांबून रुग्णाची इच्छा विचारावी, तीही परक्या भाषेत, आणि नको म्हटले तर डॉक्टरांना झोपेतून उठवावे, ही अपेक्षा कागदावरच शोभते. संमती रक्त मागवण्याआधीची गोष्ट आहे. म्हणून समितीची पहिली शिफारस मागणीपत्रावरच एक ओळ घालण्याची होती : रुग्णाशी कोण बोलले, कोणत्या भाषेत, किती वाजता. ती ओळ कोरी असेल तर नातेवाइकाला रक्तपेढीत पाठवायचे नाही. ॲडमिशन फॉर्मवरची ‘रक्त इत्यादी’ ही दोन अक्षरशः निरुपयोगी पदे काढून टाकली.

फोनवरून रक्त मागवणाऱ्या तज्ज्ञांची जबाबदारी यात नेमकी ठेवली. फोनवर सल्ला देता येतो, पर्याय समजावण्याचे काम वॉर्डात हजर असलेल्या डॉक्टरचेच. ते झाले का, हे मात्र फोनवरच्या तज्ज्ञांनी विचारलेच पाहिजे.

रात्रीच्या मावशींना दोष देण्याच्या मी विरोधात होतो. त्यांना दुभाष्याचे काम कोणी दिले नव्हते. आता ड्युटीरूममध्ये तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांची नावे पाळीनुसार लावलेली असतात. फॉर्म तेलुगू आणि मराठीत तयार आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या रुग्णांसाठी कन्नडचा अजून छापायचा आहे.

एका शिफारशीवर आमचे पटले नाही. दोघांना संमतीचे मोबाइलवर चित्रीकरण हवे होते. मी नको म्हटले. कॅमेरा समोर आला की बाई पदर सारखा करते आणि विचारले त्याला हो म्हणते. पुरावा भक्कम होईल, संमती पातळ होईल. बहुमताने चित्रीकरण ऐच्छिक ठेवले गेले.

नव्या फॉर्मवर तातडीचाही एक चौकोन आहे. रुग्ण बोलू शकत नाही, कोणी जवळचे मिळत नाही आणि थांबल्यास जीव जाईल, अशा वेळी संमतीशिवाय सद्भावनेने उपचार करण्याला कायद्याचे संरक्षण आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९२ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये आहे. पहिल्या काही महिन्यांचे कागद चाळताना दिसले की शुद्धीत असलेल्या, बोलत्या रुग्णांच्या फॉर्मवरही या चौकोनात खूण होते आहे, आणि बहुतेक वेळा रात्री. आता खूण करायची तर दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या सह्या करून कारण एका वाक्यात लिहायचे, आणि दर महिन्याच्या रक्तसंक्रमण समितीच्या बैठकीत असे सगळे कागद टेबलावर ठेवायचे, असे ठरले आहे.